झांबियाची नोकरी आणि मुलीची दहावी

ही हकीकत सांगायचं मी कितीतरी वर्षं टाळलं. घरात विषय निघाला की मी पाणी प्यायला उठायचो. आता ऐंशी उलटली, पत्नी गेली, आणि मुलगी अजून एका चुकीच्या समजुतीचं ओझं वाहते आहे. म्हणून लिहितो.

आमच्या नात्यात सगळे सांगतात की हिला, म्हणजे माझ्या पत्नीला, झांबियात इंग्रजी शिकवायची नोकरी मिळत होती, पण मुलीची दहावी होती म्हणून हिने ती सोडली. हिने काही सोडलं नाही. ती नोकरी मी घालवली.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर आम्ही मुलुंडला दोन खोल्यांत राहत होतो. मी जवळच्याच शाळेत इंग्रजी शिकवायचो, ही घाटकोपरच्या एका शाळेत. त्या काळी आफ्रिकेतले देश इथून शिक्षक नेत. पेपरात जाहिराती येत, त्या मी कापून ठेवायचो. बाहेर जायचं वेड मला होतं, हिला नव्हे. पण माझं बी.एड. उशिरा झालं आणि त्यानंतरचा पाच वर्षांचा अनुभव लागे. तो पुरा झाला तेव्हा मी बेचाळीस वर्षांचा होतो, आणि उमेदवार चाळीसच्या आतला हवा होता. तरी मी अर्ज पाठवला. नकार लगेच आला.

एका रविवारी मी तीच जाहिरात पुन्हा वाचून चिडचिड करत होतो.

“बेचाळिसाव्या वर्षी माणूस काय इंग्रजी विसरतो?”

ही पोळ्या लाटत होती. म्हणाली, “मला एकोणचाळीस. मी बसते की यात.”

“मग कर अर्ज,” मी हसत म्हटलं.

तिने केला. तिचं बी.एड. लग्नानंतर लगेच झालं होतं, तेही माझ्याच हट्टामुळे. लेखी परीक्षा झाली, वर्गासमोर पाठ घ्यायला लावला, आणि ती निवडली गेली. शेवटची मुलाखत तेवढी उरली. डिसेंबरात रुजू व्हायचं होतं.

मग सुरू झाली थट्टा. शिक्षकांच्या खोलीत एक जण म्हणाला, “काय रे, तुला डिपेंडंट म्हणून नेणार म्हणे? बॅगा उचलायला?” खालच्या मजल्यावरच्या मालवणच्या काकी जिन्यात गाठून विचारायच्या, “मास्तरानू, थंय चूल कोण पेटवतलो? तुमीच मां?” ही खळखळून हसायची. मीही हसायचो, आणि घरी येऊन भाजीला नावं ठेवायचो.

थट्टेपेक्षाही मला खुपत होती ती. कपडे वाळत घालताना ती स्वतःशी इंग्रजीत बोलायची. तिथे थंडी किती पडते, हे ओळखीच्या लोकांना विचारत फिरायची. वीस वर्षं मनात बाळगलेला देश माझा होता, आणि ही जणू भाजी आणायला निघावी तशी तिकडे निघाली होती. तिची तयारी मीच करून घेत होतो. एकदा मी तिचा एक उच्चार दुरुस्त केला. मागाहून शब्दकोशात पाहिलं, तर तिचाच बरोबर होता. मी शब्दकोश मिटून जागेवर ठेवला. ती माझ्यापेक्षा चांगली शिकवते हे मला आधीपासून ठाऊक होतं. पण आता बाहेरच्या माणसांनी तिची परीक्षा घेऊन ते ठरवलं होतं, आणि मला तर परीक्षेलासुद्धा बसू दिलं नव्हतं.

मुलीची अडचण नव्हती. माझी बहीण पार्ल्याला राहायची, ती तिला ठेवून घ्यायला तयार होती. मुलगी तर आईला म्हणायची, “तू जा गं बिनधास्त! आत्याकडे टीव्ही आहे, आणि बाबांची कटकट नाही.”

शेवटची मुलाखत अंधेरीला, विमानतळाजवळच्या एका हॉटेलात होती. विवाहित बाईने नवऱ्याला बरोबर आणावं असा नियम होता. मुलाखत घेणारे अधिकारी वयस्कर, मृदू बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी मला विचारलं, “आपली काही हरकत नाही ना?”

मी म्हणालो, “माझी मुळीच नाही. फक्त मुलगी यंदा शालान्त परीक्षेला बसते आहे, आणि आई जवळ नसली तर ती पुस्तक उघडत नाही. रडते. पण आम्ही काहीतरी करू.”

मुलगी कधी रडली नव्हती. अभ्यास ती आपणहून करायची.

त्यांनी हिच्याकडे पाहून विचारलं, “असं आहे का?”

चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं नाही, हे वळण तिच्या अंगात मुरलेलं होतं. त्याच भरवशावर मी बोललो होतो. ती माझ्याकडे पाहत राहिली, आणि मग म्हणाली, “ते म्हणतात तसं आहे.”

“मलाही मुली आहेत,” ते म्हणाले. “अशा वेळी आईला दूर नेणं मला पटत नाही. पुढच्या वर्षी जरूर अर्ज करा.”

बस स्टॉपवर ती म्हणाली, “फेब्रुवारीत मला चाळीस पूर्ण होतात.”

“नियम कधीकधी बदलतातही,” मी म्हणालो.

“अहो, तुम्हीच मला वाचून दाखवलेत ना ते?”

शेजाऱ्यांना तिनेच सांगितलं, “मुलीची दहावी आहे ना, म्हणून नको म्हटलं.” मुलीने ते ऐकलं आणि ती चिडली, “मी कुठे तुला थांब म्हटलं होतं?” मला तिने कुणासमोर उघडं पाडलं नाही, आणि त्याची किंमत मुलीने मोजली. आईच्या तेराव्याला पाहुण्यांसमोर मुलगी म्हणाली, “माझ्यामुळे आईचं राहून गेलं.” मी समोरच बसलो होतो. मुली, तुझ्यामुळे नव्हे.

निवृत्तीनंतर ही घरी मुलांना शिकवायची. एका दुपारी मुलं गेल्यावर ती वह्या तपासत होती. आम्ही दोघंच होतो. मी समोर बसून म्हणालो, “मला तुझी माफी मागायची आहे.”

तिने पेन खाली ठेवलं. चष्मा काढला. “कशाची?” तिने विचारलं, आणि ती खरोखरच वाट पाहत राहिली.

मी म्हणालो, “काल चहावरून ओरडलो, त्याची.”

“बरं,” ती म्हणाली, आणि तिने पेन पुन्हा हातात घेतलं.