शाल, श्रीफळ आणि क्लच

शिवऱ्याला आमच्या कारखान्यात पुठ्ठ्याची खोकी बनतात. ऑफिसात बसून कामगारांची हजेरी, रजा आणि रुसवेफुगवे सांभाळणं हे माझं काम. वेल्ह्याकडच्या कामगारांची ने-आण करणारी छोटी बस मामा चालवायचे. ते सगळ्यांचेच मामा होते; साहेबसुद्धा त्यांना मामाच म्हणत. भातलावणीच्या रजेत मामा स्वतःच्या खाचराच्या बांधावरून घसरले आणि डावी नडगी मोडली. इतकी वर्षं वळणांच्या रस्त्यावर एकदाही गाडी घसरू न दिलेला माणूस घरच्या बांधावर घसरला, हे त्यांना हाडापेक्षा जास्त लागलं.

डाव्या पायाखाली क्लच असतो, त्यामुळे बस एका बदली ड्रायव्हरकडे गेली. मी भेटायला गेलो तेव्हा मामा प्लास्टर उशीवर ठेवून पडले होते.

"गाडी माज्याकडंच येनार न्हवं?"

"येणार."

"ह्ये तुमी म्हनताय का सायेब म्हनलं?"

"साहेब म्हणाले." ते खरंच म्हणाले होते. पण साहेबांचं कुठलंही म्हणणं इतकं लांबतं, की ते वाक्य त्यात नेमकं कुठे होतं हे मला दाखवता आलं नसतं.

त्याच सुमारास साहेब पुण्याच्या एका हॉटेलात प्रशिक्षण घेऊन आले. विषय होता, आजारपणानंतर कर्मचाऱ्याला कामावर परत कसं आणावं. येताना त्यांनी एक जाडजूड फोल्डर आणि 'सोबती' हा शब्द आणला. परत येणाऱ्याला एक सोबती द्यायचा, सुरुवातीला हलकं काम द्यायचं, आणि आपण इथे हवे आहोत असं त्याला वाटायला लावायचं. पहिल्या दोन गोष्टींत नावं ठेवण्यासारखं काही नव्हतं. सोबती म्हणून माझी नेमणूक झाली, तीही मी निमूट स्वीकारली. तिसरी गोष्ट मात्र साहेबांनी स्वतःकडे घेतली. आणि एखादा माणूस आपल्याला हवा आहे हे दाखवायची आमच्याकडे एकच रीत आहे: त्याचा सत्कार करणे.

प्लास्टर निघाल्यावर मामा काठी टेकत कामावर आले, तेव्हा शेडमध्ये टेबलावर शाल, श्रीफळ आणि गुच्छ मांडून तयार होता. मागे पांढरी कव्हरं घातलेल्या दोन खुर्च्या. साहेबांना अर्धवट काम आवडत नाही, म्हणून त्यांनी गाडी पाठवून मामींनाही बोलावून घेतलं होतं.

मामा खुर्च्यांकडे बघत थबकले. "दोन कशापायी?"

"मामी आल्यात ना."

त्यांचा चेहरा उतरला. पाय दुखत असेल म्हणून मी एक स्टूल पुढे सरकवलं. सोबती म्हणून माझी अक्कल तेवढीच चालली.

भाषणं झाली. मामांची उणीव कशी भासली, मामांनी किती निष्ठेने सेवा केली. सुपरवायझरांचं भाषण आम्हाला ओळखीचं वाटलं, कारण ते त्यांनी म्हाताऱ्या वॉचमनच्या निवृत्तीला केलं होतं. या वेळी वॉचमनऐवजी मामा घातले होते, पण शेवट बदलायचा राहिला. "मामांचं उर्वरित आयुष्य सुखासमाधानात जावो," असं म्हणून ते खाली बसले. मामींनी डोळ्याला पदर लावला.

मग मामांना दोन शब्द बोलायला सांगितलं. ते उठले, अंगावरची शाल काढली, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवली.

"सायेब, माजी वर्सं अजून भरली न्हाईत. पाय मोडलाय, म्या न्हाई मोडलो."

"अहो मामा, हा तुमचा सत्कार आहे!"

"त्येच म्हनतोय न्हवं. वाचमनचा बी असाच केला. दुसऱ्या दिवशी हुता का त्यो गेटवर?"

मामी म्हणाल्या, "म्या गाडीत बसतानाच म्हनलं, मला नेत्यात म्हंजी कायतरी बिनसलंय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्या कारखान्यात नवरा-बायकोला शेजारी बसवून शाल पांघरतात ती निवृत्तीलाच. मी साहेबांच्या कानात तसं सांगितलं. त्यांनी माइक घेतला आणि हा निरोप कसा नाही हे सविस्तर समजावलं. "कंपनी तुम्हाला कधीही विसरणार नाही," हे वाक्य आलं तेव्हा मामींना हुंदका आवरेना.

मामा माझ्याकडे वळले. "तुमी माजं सोबती ना? मंग सांगा, किल्ली कुनाकडं हाय?"

किल्ली मागच्या रांगेत वेफर खात उभी होती, म्हणजे बदली ड्रायव्हरच्या खिशात होती. मी त्याला पुढे बोलावलं. त्याने पँटीला हात पुसून किल्ली मामांच्या हातावर ठेवली. मामांनी ती छातीच्या खिशात टाकली आणि वर बटण लावलं.

"हां. आता चालू द्या भाषनं."

फोल्डरमध्ये हलकं काम म्हणून टेलिफोन उचलणं सुचवलं होतं. मामांनी ते दिवसभर केलं, पण संध्याकाळी किल्ली द्यायला गेले ते बदली ड्रायव्हरच्या शेजारीच बसले. पुढे रोज तसंच. टेबलावर सोडलेली शालही त्यांनी मागून घेतली आणि घडी करून ड्रायव्हरच्या सीटच्या पाठीवर टाकली, एसटीत जागा धरायला रुमाल टाकतात तशी. बदली ड्रायव्हर बिचारा त्या शालीला पाठ न लावता ताठ बसून गाडी चालवू लागला.

"आरं, गेर टाकतूयस का भांडतूयस त्याच्याशी?" मामा विचारायचे.

शेवटी तो माझ्या टेबलापाशी आला. "साहेब, मला पण एक सोबती मिळंल का?"

डॉक्टरांनी परवानगी दिली त्या संध्याकाळी मामांनी ते सत्काराचं श्रीफळ बसच्या पुढच्या चाकापाशी फोडलं. खोबऱ्याचा पहिला तुकडा बदली ड्रायव्हरला दिला. मग काठी माझ्या हातात देऊन ते वर चढले. बसमध्ये कुणाची नजर रस्त्याकडे नव्हती, सगळे मामांच्या चेहऱ्याकडे बघत होते. डावा पाय खाली गेला. कपाळावर एक आठी आली आणि गेली. गिअर आवाज न करता पडला.

"बसा रं नीट," मामा म्हणाले, आणि मागून ओढून काढलेली शाल त्यांनी खिडकीतून माझ्या हातात दिली.

"सायेबास्नी परत द्या. माजी येळ आली की मागून घीन."

साहेब चार शब्द बोलायला ऑफिसातून खाली उतरले, तोवर बस नसरापूरच्या दिशेने दिसेनाशी झाली होती. मी त्यांच्या हातावर खोबरं ठेवलं. शाल माझ्या कपाटात आहे. तिची घडी मी अजून मोडलेली नाही.