नियोजित घरातली कमलताई

माझ्या चुलतभावाची सोयरीक जिच्यामुळे मोडायला आली, ती बाई अजून जन्मालाच आलेली नाही. मी तिला चांगला ओळखतो. सात वर्षं ती माझ्याकडेच आहे.

माझा धंदाच तसा. सांगलीत विश्रामबागला माझं एका खोलीचं ऑफिस आहे. लोक मोकळ्या जागेचा फोटो आणून देतात आणि मी कॉम्प्युटरवर बनवलेला बंगला त्यात असा बेमालूम बसवतो, की मालकाला जाऊन कुलूप लावावंसं वाटावं! (हे मी म्हणत नाही, माझ्या कार्डावर छापलंय. कार्ड मीच छापलंय.) पण नुसता बंगला भकास दिसतो. त्यात माणसं लागतात. तीही कॉम्प्युटरवर तयार मिळतात, पण सगळी परदेशी. कुणी अर्ध्या चड्डीत पळतंय, कुणी वासराएवढं कुत्रं धरून उभं. उसाच्या फडाशेजारी असली माणसं उभी केली तर गाव गोळा होईल. अख्ख्या गठ्ठ्यात आपल्याकडची म्हणून खपेल अशी एकच बाई होती. सावळी, सलवार-कमीज घातलेली, पुढ्यात बाबागाडीत लेकरू. तिचं नाव मी कमलताई ठेवलं आणि प्रत्येक घरापुढे तिलाच उभी करत आलो.

आमचे नानाकाका उंब्रजचे. सुभेदार म्हणून निवृत्त झाले. त्यांचा मुलगा विक्रमही फौजेत. तो सुट्टीवर आला की मुली बघायचा आणि 'पुढच्या सुट्टीत बघू' म्हणून परत जायचा. यंदा मात्र वाईजवळच्या एका गावातली स्नेहल त्याला आवडली, तिलाही तो आवडला. सुपारी फुटायची तेवढी बाकी होती, आणि मुलीकडच्यांनी घराचा फोटो मागितला.

घराचं नुसतं जोतं झालेलं. नानांनी मला हुकूम सोडला, "सुन्या, जोत्यावर घर बसव. आन विक्याला बी हुबा कर दारात, वर्दीत."

मी केला उभा. पण तो एकटाच दारात बघितल्यावर वाटायला लागलं, की पठ्ठ्या स्वतःच्याच घरावर पहारा देतोय. म्हणून शेजारी कमलताई ठेवली. काकूंनी विचारलं, ही कोण? मी म्हटलं, शोभेला आहे. नाना शिस्तीचे. फसवाफसवी नको म्हणून त्यांनी फोटोवर मोठ्या अक्षरात 'नियोजित घर' असं लिहायला लावलं. घराखाली लिहिलं. बाईखाली काही लिहायचं कुणालाच सुचलं नाही.

कोपऱ्यात मी माझा नंबर टाकला होता. (चार गिऱ्हाइकं येतील म्हणून!) दोन दिवसांनी त्यावर स्नेहलच्या चुलत्यांचा फोन आला. त्यांनी कोण ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मी महाबळेश्वरच्या एका हॉटेलात कमलताईला उभं करण्यात गुंग होतो.

"त्या उंब्रजच्या फोटूत, फौजीशेजारी बाई कोन हाय?"

"ती होय? ती कमल."

"तितं कशापायी?"

"घर रिकामं दिसू नये म्हणून ठेवलीय."

"आन लेकरू?"

"ते तिच्याबरोबरच आलं."

त्यांनी आभार मानून फोन ठेवला. मी खूश झालो, नवीन गिऱ्हाईक मिळालं म्हणून.

तासाभरात नानांचा फोन. सोयरीक मोडली होती. पोराला पहिली बायको आहे, लेकरू आहे, आणि पुरावा फोटोवाल्यानंच दिलाय! नाना ओरडले असते तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "उद्या सकाळी ये. येताना त्या बाईला घिऊन ये."

मी लॅपटॉप घेऊन उंब्रजला गेलो. विक्रम जेवला नव्हता. सुट्टीचे आठ दिवस राहिले होते. मला शिव्या घालायच्या सोडून तो म्हणाला, "गड्या, अकरा पोरी बघितल्या. माझ्याशी बोलताना हसली ती ही एकलीच." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिथून नाना, विक्रम आणि मी मुलीकडे गेलो. आम्हाला बसायला दिलं, पण चहाचं नाव निघेना. मी लॅपटॉप उघडून समजावलं, की ही बाई खरी नाही. चुलत्यांनी विचारलं, मग तिचं नाव कसं सांगितलंस? मग मी माझी आधीची कामं काढली, कराडचा दवाखाना दाखवला, मिरजेचं संकुल दाखवलं, महाबळेश्वरचं हॉटेल दाखवलं. सगळीकडे कमलताई हजर. आतल्या बायका बाहेर आल्या. स्नेहलच्या आईनं विचारलं, किती वर्षं चाललंय हे? सात, मी म्हणालो.

"सात वर्सांत लेकरू गाडीतनं खाली उतरलं न्हाई व्हय?"

प्रकरण मिटायच्या ऐवजी कमलताईची कीव यायला लागली. तिला असं गावोगाव कोण फिरवतंय, यावर बायकांत चर्चा सुरू झाली आणि नजरा माझ्याकडे वळल्या. विक्रम मान खाली घालून बसला होता.

तेव्हा स्नेहलच्या आजोबांनी लॅपटॉप मांडीवर ओढून घेतला. जन्म उसाच्या रानात गेलेला माणूस, हाताला कधी घड्याळ बांधलं नव्हतं. उंब्रजचा फोटो परत काढायला लावून ते त्यावर बोट फिरवत राहिले.

"दिस कलल्याला हाय, चार वाजल्यात. पोराची सावली हितं पडलीया. घराची हितं. आन हिची कुटं हाय?"

मी बघितलं. नव्हती. मग त्यांनी दवाखाना उघडायला लावला, संकुल, हॉटेल, सगळं. सात वर्षांत कमलताईला मी एकदाही सावली दिली नव्हती, आणि कार्डावर 'बेमालूम' छापून मोकळा झालो होतो!

"सावली न्हाई म्हंजे बाई न्हाई," आजोबा म्हणाले. "च्या टाका."

दाराआडून स्नेहल हसली. विक्रमनं मान वर केली. नाना माझ्याकडे बोट करून सगळ्यांदेखत म्हणाले, पोरगं कामात पक्कं असतं तर आज आमचं वाटोळं झालं असतं. सुपारी त्याच दिवशी फुटली.

आता विक्रमचं लग्न होऊन घरही उभं राहिलंय, आणि काकूंनी माझं मनावर घेतलंय. गेल्या आठवड्यात त्यांनी मला चार वाजता भर उन्हात उभं करून फोटो काढला आणि तासगावच्या एका स्थळाला पाठवला. खाली स्वतः लिहिलं, 'मुलगा खरा आहे. सावली बघून घ्यावी.'

काल तिकडून निरोप आला. सावली पसंत आहे, मुलाचं विचार करून कळवतो.