नळापासून तिसरी कबर

मी भाकरी थापायला बसले की मामांचा प्रश्न यायचा. हात पिठात असले की मला उठून जाता येत नाही, हे त्यांनी हेरलं होतं. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या नगरकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात. सगळी नोकरी त्यांनी बसमध्ये तिकीट तपासण्यात घालवली होती. कोण खरं बोलतंय, कोण थापा मारतंय, हे तोंडाकडे न बघता नुसत्या खिशाकडे चाललेल्या हाताकडे बघून ते ओळखायचे. निवृत्त झाल्यावर तपासायला कुणी उरलं नाही, म्हणून त्यांनी देवाला धरलं.

"पोरी, शेवटच्या दिवशी कर्णा वाजणार आणि मेलेले उठणार. बरोबर?"

मी म्हटलं, हो मामा.

"आता मुंबईत एका कबरीत एक माणूस आहे का? जागा नाही म्हणून काही वर्षांनी कबर उघडतात, जुनी हाडं बाजूला सारतात आणि वर दुसरा घालतात. मग तिसरा. कर्णा वाजल्यावर आधी कोण उठणार?"

माझी भाकरी काठाला फाटली. मी सातवी शिकलेली. आठवीची शाळा गावापासून लांब होती आणि घरी शेळ्या होत्या, एवढ्यावर माझं शिक्षण संपलं. रविवारच्या शब्बाथशाळेतली बायबलाची सोनेरी वचनं पाठ होती, कुठलंही म्हणायला सांगा, धडाधडा म्हणून दाखवलं असतं. पण त्यातलं एकही या प्रश्नाला लागू पडेना. मी म्हटलं, विचारून सांगते. मामा म्हणाले, "कुणाला? मेलेल्याला?"

आमच्या दोन खोल्या घाटकोपरच्या डोंगरावर होत्या. लग्नाची हळद उतरते न उतरते तोच नवरा दुबईला गेला, आणि मी आणि मामा असे दोघंच उरलो. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या, मी त्यांना फोटोतच पाहिलेलं. नातेवाईक म्हणत होते, पोरीला गावी धाडून द्या, परक्या शहरात एकटी काय करील. मामांनी एका वाक्यात सांगितलं की ती इथंच राहील, हे तिचं घर आहे. मग त्यांनी मला दर रविवारी बसमधून फिरवलं. मुलुंड, अंधेरी, पार जुहूपर्यंत. कुठली बस कुठं वळते, कुठं उतरलं तर चुकत नाही, सगळं तोंडपाठ करून घेतलं. त्या वेळी मला रस्ता ओलांडायचीसुद्धा भीती वाटायची. त्या माणसाचे उपकार मी कशानं फेडणार होते? म्हणून त्यांनी विचारलेलं आपल्याला आलं नाही की मला रात्रभर वाटायचं, आपण खाल्लेलं मीठ फुकट गेलं.

आमच्या मंडळीचे, म्हणजे चर्चचे, पाळकसाहेब मामांना घाबरून होते. एकदा चहाला आले असताना मामांनी त्यांना विचारलं होतं, जलप्रलयात नोहानं प्रत्येक प्राण्याची जोडी तारवात घेतली, मग वाळवीचीही होती का? असेल तर लाकडाचं तारू बुडलं कसं नाही? आणि नसेल तर आपल्या दाराच्या चौकटीला लागलीय ती कुठून आली? पाळकसाहेबांनी चहा अर्धा टाकला आणि एका आजाऱ्याला भेटायचंय असं सांगून गेले. त्यानंतर ते आमच्या गल्लीत दुसऱ्या बाजूनं यायचे.

पण त्या वर्षी त्यांना यावंच लागलं. कबरस्तानाच्या कमिटीनं ठरवलं होतं की ईस्टर झाल्यावर बेवारस दिसणाऱ्या कबरी उघडायच्या. ज्यांना आपल्या माणसाची कबर घरासाठी राखायची असेल त्यांनी आत्ताच सांगावं. मात्र पुढं त्या कबरीत जाणारा माणूस मंडळीत चालू, म्हणजे उपासनेला येणारा, असला पाहिजे. मामा मंडळीत चालू नव्हते. सासूबाईंना पुरल्यापासून त्यांनी देवळाची पायरी चढली नव्हती. आणि त्यांना तर सासूबाईंच्याच कबरीत जायचं होतं. दुसरं त्यांना आयुष्यात काही नको होतं. नवा शर्टसुद्धा नको म्हणायचे.

पाळकसाहेब उंबऱ्यातच उभे राहून म्हणाले, फार काही नाही, ईस्टरला पहाटे कबरस्तानात उपासना असते, तिथं सगळ्यांबरोबर उभं राहून एकदा विश्वासांगीकार म्हणा, मी कमिटीला सांगतो. विश्वासांगीकार म्हणजे 'मी विश्वास धरतो' असं म्हणत आपण काय काय मानतो ते सगळ्यांनी एका सुरात बोलायचं. दोन मिनिटांचं काम.

मामा म्हणाले, "मी जन्मभर बिनतिकीट माणसं खाली उतरवली. आता मीच बिनतिकीट बसू?"

पाळकसाहेब माझ्याकडे बघायला लागले. मामांनीही माझ्याकडे बोट केलं. "हिनं मला पटवावं. पटलं तर म्हणीन. नाही पटलं तर मला कुठंही टाका." पाळकसाहेबांनी मला आशीर्वाद दिला आणि ते एवढ्या जोरात जिना उतरले की खालचं कुत्रं भुंकलं.

झालं. दुसऱ्या दिवशी मी नळावर गेले तेव्हा माझं तोंड बघूनच शेजारच्या मालवणी काकूनं विचारलं, काय झालं गं. तिचा नवरा गिरणीत होता, संप झाल्यावर आता वॉचमनगिरी करायचा. ती आमच्या धर्माची नव्हती, पण रांगेचा तिचा अभ्यास मोठा. मी कबरीचा प्रश्न सांगितला. तिनं हंडा कमरेवर घेतला.

"अगो, पाण्याक नंबर लावतंव तसोच थंय लावूक व्हयो. वयलो पयलो उठतलो. नायतर खालचो भायर कसो येतलो?"

मागच्या बायकांना हे मान्य नव्हतं. एकीचं म्हणणं, जो आधी आला त्याचा नंबर आधी, वरच्यानं बाजूला व्हायचं. दुसरी म्हणाली, म्हाताऱ्या माणसांना आधी सोडायला पाहिजे. भांडण इतकं पेटलं की पाणी गेलं तरी कुणाच्या लक्षात आलं नाही. मी अर्धी कळशी घेऊन घरी आले आणि काकूचं उत्तर मामांना सांगितलं. ते म्हणाले, "बाईला अक्कल आहे. पण हे बायबलात कुठं आहे?"

असे आठवडे गेले. ईस्टर जवळ येत होता आणि मी एकही प्रश्न जिंकले नव्हते. लाजर मेला, येशूनं त्याला उठवलं, मग तो पुन्हा मेला, तर त्याच्यासाठी दोनदा रडलेल्या बहिणींनी दुसऱ्यांदा काय म्हटलं असेल? येशूशेजारच्या क्रुसावरल्या चोराला शेवटच्या घटकेला स्वर्ग मिळतो, तर आयुष्यभर चोरी न केलेल्यानं काय घोडं मारलं? मी उत्तर द्यायची, ते उत्तर उलटं करून बघायचे आणि परत करायचे.

मग एका संध्याकाळी, मी भाकरी थापत नसताना, ते खिडकीशी बसून बोलले.

"तुझ्या सासूसाठी मी देवापुढं गुडघे टेकले होते गं. मी. त्यानं ऐकलं नाही, की ऐकून दिलं नाही? दोन्हीत बरं कुठलं ते सांग."

मी चहात साखर घातली. थोड्या वेळानं परत घातली. ते तो चहा शेवटपर्यंत प्यायले.

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आम्ही कबरीला चुना मारायला गेलो. हे मात्र मामांनी कधी चुकवलं नव्हतं. उपासनेला ते जायचे नाहीत, पण कबर पांढरी झालीच पाहिजे. मी डबा धरला होता, त्यांच्या हातात ब्रश. नळापासून तिसरी कबर. तिथल्या सगळ्या कबरी एकाच गवंड्यानं बांधल्यासारख्या, विटांची कड आणि डोक्याशी सिमेंटचा उंचवटा. मामांनी सासूबाईंच्या नावाची पत्र्याची पाटी स्वतः रंगवून लावली होती, ती पहिल्याच वर्षी चोरीला गेली म्हणून ते कमिटीशी कडाक्याचे भांडले होते. पलीकडच्या रांगेत एक कबर गवतात पार बुडाली होती. तिच्याकडे ब्रश दाखवत मामा म्हणाले, "ही बघ. कुणी येत नाही, कुणी बघत नाही. काय माणसं असतात." कमिटीनं उघडायला काढलेल्यांत ती पहिली होती.

चुना मारून संपत आला तेव्हा मागून एक म्हातारी आली. दुसऱ्या मंडळीतली असावी, हातात तिचाही चुन्याचा डबा. ती आमच्या मागं येऊन उभी राहिली आणि बघतच राहिली.

"तुम्ही आहात होय," ती म्हणाली.

मामांनी विचारलं, मी कोण?

तिनं सांगितलं ते असं. कबर तिच्या नवऱ्याची. मुलं येत नाहीत, तिचे गुडघे गेलेले. एका वर्षी तिनं देवाला सांगितलं की बाबा, आता माझ्याच्यानं होत नाही, तूच कुणाला तरी धाड. आणि त्या ईस्टरच्या पहाटे ती आली तर कबर पांढरी स्वच्छ. पुढच्या वर्षीही. दर वर्षी. तिच्या मंडळीत तिनं उभं राहून देवानं आपलं ऐकल्याची साक्ष दिली होती, लोक टाळ्या वाजवून स्तुती करायचे. या वर्षी पहाटे उठवणार नाही म्हणून ती आदल्या दिवशीच आली, आणि रिकाम्या हातानं कसं यायचं म्हणून चुना घेऊन आली.

मामा म्हणाले, आजी, तुमची चूक होतेय, इथं माझी बायको आहे.

म्हातारी वाकली. किल्लीनं तिनं डोक्याशी सिमेंटवरचा चुना खरवडला. थरावर थर निघाले, सगळे मामांनीच चढवलेले. खालून हिरव्या काचेचे तुकडे चमकले. नवरा गेला तेव्हा फुटलेल्या बांगड्यांचे तुकडे तिनं ओल्या सिमेंटमध्ये स्वतः बसवले होते.

"नळापासून तिसरी," मामा म्हणाले. आवाज तपासनिसाचाच होता, पण बारीक झालेला.

"नळ तेव्हा तिकडं होता," म्हातारीनं पलीकडची भिंत दाखवली. "नंतर हलवला."

मामा ब्रश घेऊन पलीकडच्या रांगेत गेले. जुन्या नळाच्या जागेपासून मोजलं. ते गवतात बुडालेल्या कबरीपाशी थांबले, खाली बसले आणि दोन्ही हातांनी गवत उपटायला लागले. मीही बसले. गवताखाली पत्र्याची पाटी होती. गंजलेली, पण नाव वाचता येत होतं.

मला त्यांच्याकडे बघवेना. म्हातारीला मात्र यातलं काही खटकलंच नव्हतं. ती लंगडत आली आणि म्हणाली, "बघा, त्यानं धाडलंच ना तुम्हाला."

"चुकून आलो आजी," मामा म्हणाले. "चुकून. मी विश्वाससुद्धा धरत नाही."

"असू दे," ती म्हणाली, "चुना चांगला मारता." आणि आमच्या डब्यातला चुना संपला होता म्हणून तिनं तिचा डबा पुढं केला. सासूबाईंची कबर त्या चुन्यानं पांढरी झाली. मामा रंगवताना पुटपुटत होते. इतक्या वर्षांत घरातलं जे काही इथं येऊन सांगितलं होतं ते सगळं एका परक्या गृहस्थाला सांगून झालं होतं, म्हणून आता पहिल्यापासून सांगायला लागले. मुलाचं लग्न, दुबई, दाराची वाळवी. मध्येच मला म्हणाले, "जरा समोर ये. तिला दिसू दे."

परतीच्या बसमध्ये ते नखांतला चुना काढत बसले. मग म्हणाले, "तिनं मागितलं, तिला मिळालं. मी मागितलं, मला नाही. आणि तिला दिलं ते माझ्याच हातून. हे काय आहे? सांग."

 आता पिठात हात नव्हते, आणि उद्या ईस्टर होता.

"मामा, मला नाही येत," मी म्हटलं. "पण तुमच्या मुलाचं पत्र आलं नाही की मी चिडते. तो आहे म्हणूनच चिडते. कुणीच नसतं तर चिडले नसते. तुम्ही इतकी वर्षं कुणावर चिडलाय?"

बस दोन थांबे पुढं गेली. कंडक्टर आला, त्यांनी तिकीट दाखवलं.

"हे तुला कुणी शिकवलं?"

कुणी नाही, म्हटलं.

"हं," ते म्हणाले. "अर्धं तिकीट झालं."

दुसऱ्या दिवशी पहाटे ते माझ्याआधी तयार होते. कबरस्तानात मेणबत्त्या लागल्या होत्या, सगळे आपापल्या माणसांपाशी उभे. विश्वासांगीकार सुरू झाला. मी त्यांच्या शेजारी होते म्हणून मला सगळं ऐकू आलं. पहिली ओळ त्यांनी खणखणीत म्हटली. मग थांबले. मध्ये 'पुरला गेला' एवढंच म्हटलं, तेही मोठ्यानं, आजूबाजूचे दचकले. पुन्हा गप्प. शरीराच्या पुनरुत्थानाशी आले तेव्हा त्यांनी खाली पाटीकडे बघितलं, तोंड उघडलं, मिटलं, आणि बाकीचे पुढं निघून गेल्यावर एकटेच मागून बोलले, जसा एखादा चालत्या बसमागं धावतो तसं.

उपासना संपल्यावर पाळकसाहेब आले. म्हटलंत ना सगळं, त्यांनी विचारलं.

मामा म्हणाले, नाही. पहिली ओळ म्हटली, मधलं बरंच सोडलं, शेवटाकडचं एक उशिरा म्हटलं. आणि त्या उशिरा म्हटलेल्याबद्दल मला जरा विचारायचंय.

"कमिटीला मी आजच सांगतो," पाळकसाहेब घाईघाईनं म्हणाले. "कबर तुमचीच."

म्हातारी त्या पहाटे आली नाही, तिला यायचं नव्हतंच. पण तिच्या मंडळीत मामांच्या नावानं साक्ष झाल्याचं पुढं कानावर आलं. मामांनी निरोप पाठवला की त्यात चूक आहे, दुरुस्ती करा. तिनं उलट निरोप पाठवला की पुढच्या वर्षी चुना थोडा दाट कालवा.

पुढच्या वर्षी आम्ही दोन डबे चुना नेला. मामांनी आधी त्या गृहस्थांची कबर रंगवायला घेतली. मी विचारलं, आधी आपली नको का? म्हणाले, "ती समजून घेईल. यांना सवय झालीय."