कावळ्याला दिलेला शब्द

दुपारी जेवण झालं की मी डाव्या कुशीवर आडवा होतो. झोप लागतेच असं नाही. तिच्या उंबऱ्यावर बसून राहतो, एवढंच. स्वयंपाकघरात कुमुद झाकण शोधत असते. आमच्या घरात भांडी आहेत आणि झाकणंही आहेत, पण ती एकमेकांची नाहीत. तो खणखणाट हळूहळू लांब जातो, पंख्याची घरघर जवळ येते आणि एका क्षणी ती पंख्याची राहत नाही. इंजिनाची होते. दम लागलेल्या, मधूनच खोकणाऱ्या, ओळखीच्या इंजिनाची.

"बंद पडणार," मी डोळे न उघडता म्हणतो.

"नाही हो पडत, दाजी. पेट्रोलमध्ये कचरा आहे जरासा."

आणि ती बंद पडते.

डोळे उघडतो तर पलंगाच्या कडेला प्रभंजन बसलाय. माझा मेहुणा, कुमुदचा धाकटा भाऊ. शिमग्याच्या आधी वारला. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, नखांत काळं. पण तो बसलाय तिथे गादी दबलेली नाही. जिवंतपणी हा माणूस आमच्या सोफ्यावर बसला की दुसऱ्या टोकाला बसलेला वर यायचा.

"उतरलास रे," मी म्हणतो.

"होय की. इथे कोण करून घालतंय?"

तो गाडीतूनच आलाय, हे उघड आहे. ती गाडी म्हणजे विलायती, दोन सीटांची, मोरपंखी रंगाची स्पोर्ट्स कार. गोव्यातल्या एका हॉटेलवाल्याने ती कंटाळून विकली, पुढच्याने घाबरून विकली आणि आमच्या प्रभंजनने हसत हसत घेतली. कोल्हापुरात तिला बघायला लोक थांबायचे. तीही थांबायची, त्यामुळे सोय व्हायची. तिचं छप्पर उघडायचं पण मिटायचं नाही. सर आली की प्रभंजन एका हातात स्टिअरिंग आणि दुसऱ्या हातात छत्री घेऊन शाहूपुरीतून राजासारखा जायचा. बायको गेल्यानंतर घेतली होती त्याने ती. "घरात बोलणारं कोणी नाही दाजी, ही निदान खोकते तरी," म्हणायचा. आम्ही सगळे म्हणायचो, छान आहे, जरा दुरुस्त करून घे.

मग एका दुपारी करूळ घाटात ती वळणावर बंद पडली. हा उतरला, बॉनेट उघडून त्यात डोकं घातलं. समोरून ट्रक आला. गाडीचा फक्त आरसा तुटला.

दहाव्याला पंचगंगेवर कावळा शिवेना. पिंड मांडलेला, बाजूला दहीभात, समोर भिंतीवर कावळा, आणि आम्ही सगळे त्याच्यापुढे हात जोडून उभे. आमच्याकडे मेलेल्या माणसाला काय हवंय ते कावळ्याला विचारायची पद्धत आहे. जिवंतपणी त्यालाच विचारलं असतं तर, असं कोणाच्या मनात येत नाही. कुमुद म्हणाली, "केतकीला मी सांभाळीन रे." कावळा ढिम्म. चुलतभाऊ म्हणाला, "शेताची वाटणी सरळ करू." कावळ्याने त्याच्याकडे पाठ केली. त्यात त्याचं चुकलं असं मला वाटत नाही. उन्हाने भटजींचं टक्कल तापलं. शेवटी केतकी पुढे झाली. प्रभंजनची एकुलती एक मुलगी. म्हणाली, "बाबा, तुमची गाडी विकणार नाही. मी चालवीन." आणि कावळा असा झेपावला की द्रोणच उलटला.

झालं. तेव्हापासून केतकी पुण्याहून, तिच्या नोकरीच्या गावाहून, ती गाडी घेऊन ये-जा करते. गेल्या आठवड्यात ती कराडपाशी हायवेच्या मधल्या लेनमध्ये बंद पडली. मागून येणाऱ्या बसने कसाबसा ब्रेक लावला. ड्रायव्हरने खाली उतरून केतकीला शिवी हासडली. ती शिवी त्याने जिवंत मुलीला दिली, याबद्दल मी त्याचा जन्मभर आभारी आहे.

आज दुपारच्या चहाला बेळगावचे एक गृहस्थ येणार आहेत. जुन्या गाड्या जमवतात, शेडमध्ये ठेवतात, पुसतात. चालवत नाहीत. केतकी म्हणाली, "काका, मी शब्द दिलाय, माझ्या तोंडून विका असं येणार नाही. तुम्ही सांगाल ते करीन." कुमुद म्हणाली, "माझ्या भावाची शेवटची इच्छा आहे ती, खबरदार." गाडी विकली नाही तर संध्याकाळी केतकी तीच घेऊन पुण्याला निघणार. आणि मी जेवून आडवा झालोय.

"चला दाजी, एक चक्कर मारू," प्रभंजन म्हणतो.

"बंद आहे ना?"

"उतार आहे."

आहे खरा. पलंगाला उतार लागलाय. आम्ही शेजारी शेजारी बसलोय, गुडघे हनुवटीपाशी, कारण त्या गाडीत माणसाने असंच बसायचं असतं. स्वयंपाकघरातून जातो तेव्हा कुमुद मान वर करत नाही. मोरीतून, परसातून, पायऱ्यांवरून धक्के खात आम्ही पाण्याशी येऊन थांबतो. नदी आहे, पण तिचा आवाज नाही. भिंतीवर तोच कावळा.

"प्रभंजन, तो तूच होतास ना?"

"कोण?"

"कावळा. दहाव्याचा."

"मी?" तो खाली बघतो. "दाजी, मी आलोच नव्हतो."

"स्वतःच्या दहाव्याला?"

"निघालो होतो की! वेळेत निघालो होतो. गाडी बंद पडली."

विनोदी लिहून लोकांना हसवण्यात माझं आयुष्य गेलं, त्यामुळे विनोद झाला की मला कळतो. हा विनोद नाही. तो ओशाळलाय. स्वतःच्या साखरपुड्याला तेव्हाची जुनी जीप टेम्पोमागे दोराने बांधून आला होता, तेव्हा असाच ओशाळला होता.

"मग तो कावळा कोण?"

"कुणास ठाऊक. दहीभात होता का?"

"होता."

"मग बघा की."

कावळा आमच्याकडे बघतो. त्याच्या डोळ्यात कोणीही नाही. पायऱ्या संपतात तिथे डांबर सुरू होतं, आणि डांबरावर ऊन. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला पांढरे रंगवलेले दगड आणि त्यांच्यापलीकडे काहीच नाही. वळण. गाडी बॉनेट उघडून उभी आहे. मी रस्त्यावर अनवाणी उभा आहे आणि माझी सावली पडत नाही. त्याचीही नाही.

"तेव्हापासून इथेच आहेस?"

"कुठे जाणार? गाडी अशी टाकून जायची होय?"

"ट्रक येत नाहीत?"

"येतात. आरपार जातात. आधी आधी दचकायचो."

तो पिवळ्या फडक्याने सीट पुसतोय. स्वतःची नाही, शेजारची. कोपऱ्याकोपऱ्यातून, शिवणीतून, घरी पाहुणे यायचे असले की पाट पुसतात तशी.

"ती कशाला पुसतोस?"

"केतकी येतेय ना."

"कोण म्हणालं?"

"तीच म्हणाली. मी नव्हतो तिथे, पण इथपर्यंत ऐकू आलं. बाबा, गाडी मी चालवीन." फडकं झटकून तो पुन्हा पुसायला लागतो. "गेल्या आठवड्यात आलीच होती जवळजवळ. कराडपाशी. पण तो बसवाला थांबला."

त्याच्या बोलण्यात वाईटपणा नाही, हेच वाईट आहे. सुट्टीला येणारी लेक एसटी चुकल्यामुळे राहिली, की बाप हळहळतो, तसा तो हळहळतोय.

"करमत नाही हो दाजी एकट्याला. ती आली की गप्पा होतील."

"तिला काय होईल, कळतंय का तुला?"

"काय होतंय? मला काय झालंय? बरा आहे की मी!"

तो सीटवर वाकतो तेव्हा मला त्याची पाठ दिसते, ट्रक लागला ती. मी दरीकडे तोंड फिरवतो आणि थोडा वेळ दरीच बघतो.

"मी येतो त्यापेक्षा," मी म्हणतो. "माझं तसंही काही अडलेलं नाही. मी बसतो शेजारी."

तो खरंच विचार करतो. "नको. तुम्ही गाडीला नावं ठेवता."

"बरं, तू बस आत. मी धक्का देतो. चालू झाली की तू पुढे जा."

त्याचा चेहरा उजळतो. तो आत बसतो, बारशाला निघाल्यासारखे केस सारखे करतो. मी मागे जाऊन डिकीच्या कडेला दोन्ही तळवे टेकतो. पत्रा तव्यासारखा तापलाय. हात उचलावेसे वाटतात, पण हात उचलले तर शेजारच्या सीटवर कोण बसणार, ते मला माहीत आहे. मी ढकलतो. आयुष्यात कधी कशाला इतका जोर लावला नव्हता. लिहिताना तर नाहीच. गाडी हलत नाही. चाकाखालचा खडासुद्धा हलत नाही.

"अजून जरा दाजी!"

"होतेय का?"

"होईल! कचरा आहे!"

मी ढकलतो. तळवे भाजल्याचा वास यायला लागतो.

"अजून जरासंच!"

"प्रभंजन," मी म्हणतो, "ही चालू होणार नाही."

मला जाणवतं की हे वाक्य त्याने आधी कधीच ऐकलेलं नाही. मेकॅनिकनेही कधी म्हटलं नव्हतं. मेकॅनिकचं त्यावर पोट होतं. आमचं कशावर होतं?

"थंड झाली की होईल," तो म्हणतो. आवाज लहान झालाय.

"नाही होणार. आणि मी ती विकतोय. आज. केतकी येणार नाही."

"अजिबात?"

"येईल. म्हातारी होऊन येईल, काठी टेकत. नातवंडांना कंटाळून येईल. या गाडीतून येणार नाही."

तो स्टिअरिंगवरून एकदा हात फिरवतो. मग उतरतो. बॉनेट खाली घेतो, जिवंतपणी कधी घेतलं नाही इतक्या हळू. शेजारच्या सीटकडे एकदा बघतो. फडकं घडी करून त्यावर ठेवतो.

"मग मी कसा जाऊ?"

"चालत."

"लांब आहे का?"

"मला काय माहीत? मी अजून गेलो नाही."

यावर तो हसतो. पोट हलवून, सगळ्या दातांनी, आमच्या सोफ्यावर हसायचा तसा. मग चालायला लागतो. तो पायी कुठे गेलेला मी कधी पाहिला नव्हता. चपला घासत, हात लांब सोडून चालतो, लहान मुलासारखा. या वेळी मी त्याच्या पाठीवरून नजर काढत नाही. तेवढं तर करायलाच हवं. वळणाशी तो थांबतो.

"अक्काला सांगा."

"काय सांगू?"

"पोचलो की कळवतो म्हणावं."

आणि वळण त्याला घेऊन जातं. गाडी उरते, ऊन उरतं. मग तेही पांढरं होत होत पंख्याच्या पात्यांत मिसळतं.

"काका."

दारात केतकी उभी आहे, हातात किल्ली. तिच्यामागे कुमुद, पदराला हात पुसत. बाहेरच्या खोलीतून परक्या माणसाचं खाकरणं ऐकू येतं.

"ते आलेत," केतकी म्हणते. "काय सांगू?"

"देऊन टाक."

"काय बोलताय?" कुमुद पुढे येते. "सगळ्यांसमोर शब्द दिलाय पोरीने. त्याने तो घेतलाय!"

"त्याने नाही घेतला. तो तिथे नव्हताच. वाटेत बंद पडला होता."

"झोपेत आहात अजून. तोंड धुऊन या आधी."

मी उठण्यासाठी पलंगावर हात टेकतो आणि ओरडतो. मोठ्याने, लाज वाटावी इतका. दोघी धावत येतात. कुमुद माझे हात उलटे करते.

दोन्ही तळव्यांवर बोटांच्या मुळाशी एक सरळ रेघ आहे, लालभडक, आणि त्या रेघेवर ओळीने फोड आलेत. टपोरे, पाण्याने भरलेले.

"अगं बाई! कशाला हात लावलात? गॅस तर मघाशीच बंद केला मी." कुमुद चादर चाचपते, उशी उचलते, पलंगाखालीसुद्धा बघते. मग घाईघाईने बर्फ आणायला जाते.

केतकी जागची हलत नाही. ती माझ्या हातांकडे बघते. मग स्वतःचे हात उघडून माझ्या हातांशेजारी धरते. तिच्याही तळव्यांवर बोटांच्या मुळाशी तशीच रेघ आहे. फोड फुटून गेलेत, नवी कातडी गुलाबी आहे.

"डिकीची कड," ती म्हणते. "कराडला मी एकटीनेच ढकलली होती, कडेपर्यंत. आत्याला सांगितलं नाही." मग माझ्याकडे बघते. "तुम्ही कुठे ढकललीत, काका?"

उत्तराची वाट न बघता ओढणीने डोळे पुसून ती बाहेर जाते. किल्ली टेबलावर ठेवल्याचा आवाज येतो, आणि मग तिचा, अगदी घरच्यासारखा:

"घेऊन जा. पण चालवत नेऊ नका हं. टेम्पोत घालून न्या."