शबू, मशिदीच्या मागे वळायचं

या ग्रुपवरचे गूढ अनुभव मी नेमाने वाचते आणि बहुतेकदा हसते, हे आधीच सांगून टाकते. मी चिपळूणला कॉलेजात गणित शिकवते. सासूबाईंनी बांधलेला ताईत लग्नानंतर दुसऱ्याच आठवड्यात काढून कपाटात टाकणारी मी... त्यामुळे पुढचं लिहिताना माझाच हात अडखळतोय.

मागच्या हिवाळ्यात माझा नवरा इम्तियाज ऑफिसच्या कामासाठी जेद्दाला निघाला. मला सुट्टी होती, मीही सोबत गेले. फिरायला म्हणून - पण मनात दुसरंच होतं. माझे अब्बा जेद्दाच्या जुन्या भागात, बलदमध्ये, हाजींच्या एका लॉजवर कामाला होते. मी चार वर्षांची असताना ते तिथेच तापाने गेले, तिथेच दफन झाले. सोबतचे लोक पांगले, त्यामुळे घरी नीट काही कळलंच नाही. अम्मी खंबीर बाई, सगळं निभावलं तिने. पण एक गोष्ट तिला आयुष्यभर टोचत राहिली. निघताना माझा हात धरून म्हणाली, "शेवटी त्यांच्या तोंडात पाणी कुणी घातलं असेल गो? तेवढं कळलं तर बघ."

इतक्या वर्षांनी काय कळणार, कप्पाळ! पण 'बघते' म्हटलं.

कब्रस्तानात बायकांना सोडत नाहीत. इम्तियाज आत जाऊन दुआ मागून आला, मी गेटबाहेर उभी. तिथल्या कबरींवर नावं नसतात, त्यामुळे त्यालाही काही सापडलं नाही. मला तर रडूही आलं नाही.

त्याच दिवशी दुपार कलताना, असरच्या नमाजनंतर बलद बघायला गेलो. लाकडी खिडक्यांची उंच जुनी घरं, अत्तराची दुकानं, जिकडे तिकडे मांजरं... इम्तियाज मोबाईलवर मॅप उलटासुलटा करत होता. आणि मला अब्बांची कॅसेट आठवली.

तेव्हा आखातातली माणसं पत्राऐवजी आवाज भरून कॅसेट पाठवायची, काहींना आठवत असेल. अब्बांची एक कॅसेट मला लहानपणापासून लख्ख आठवते. मी चटईवर पडलेय, टेपची खरखर चाललीय, आणि अब्बा आधी जरा खाकरून सांगताहेत - "शबूऽऽ, बाजार संपला की मशिदीच्या मागे वळायचं. गल्ली बारीक आहे, भिंतीला हात लावून चाल, गार लागेल. पाण्याचा नळ आला की उजवीकडे. निळा दरवाजा. तिथे मी राहतो." अम्मीसमोर अब्बांचा विषय आम्ही काढत नसू, म्हणून या कॅसेटबद्दल तिच्याशी कधी बोलणं झालं नव्हतं.

"मॅप ठेव," मी म्हटलं. "मला रस्ता माहीत आहे."

मशिदीमागे वळलो. गल्ली बारीक. भिंत खरंच गार. नळाच्या जागी आता वाटसरूंसाठी स्टीलचा कूलर होता. उजवीकडे दरवाजा - रंग उडालेला, पण नक्षीच्या खाचांत अजून निळा. शेजारच्या दुकानात एक म्हातारे केरळी चाचा घड्याळ दुरुस्त करत बसले होते. त्यांना हिंदीत विचारलं, इथे कधी कोकणातले लोक राहायचे का?

"ऊपर रूम में बहुत लोग था," ते म्हणाले. मग आठवून, "एक दाऊदभाई था, रत्नागिरी का. बुखार में चला गया."

दाऊद हे माझ्या अब्बांचं नाव. जाताना त्यांच्याजवळ कोण होतं, हे इम्तियाजने विचारलं.

"मैं था ना. सर मेरी गोद में था. ज़मज़म का पानी मैंने पिलाया. पिया, फिर आराम से गया."

तिथल्याच पायरीवर बसून मी मन भरून रडले. चाचांनी कूलरचं पाणी आणून दिलं.

हॉटेलवर पोचताच अम्मीला फोन लावला. सगळं तिला सांगितलं. ती म्हणाली, "अल्हम्दुलिल्लाह. एकटे नव्हते म्हणजे." मी म्हटलं, बरं झालं, कॅसेटमधला रस्ता माझ्या लक्षात राहिला.

"कुठली कॅसेट गो?"

मी सांगितलं.

"आपल्याकडे टेप कधी होता? आणि त्यांना त्या यंत्रापुढे बोलायची लाज वाटायची. शेजाऱ्यांच्या टेपवर ऐकीन म्हणून मी किती मागितली... एकसुद्धा पाठवली नाय त्यांनी."

इम्तियाज म्हणतो, शेजाऱ्यांकडे कुणाची तरी ऐकली असशील. असेलही. पण शेजाऱ्याने त्यात मला 'शबू' म्हणून हाक का मारावी? त्या निळ्या दरवाजानंतर तो आवाज काय सांगतो, हे आठवायचा खूप प्रयत्न केला. आवाज तिथेच थांबतो.

त्या फोनवर शेवटी अम्मीने हळूच विचारलं, "आवाज कसा होता गो त्यांचा? मी विसरले."

जरा घोगरा, मी म्हटलं. बोलायच्या आधी खाकरायचे, आणि नाव घेताना शेवट लांबवायचे. पलीकडून आधी नुसता हुंदका ऐकू आला, मग, "हां. तसाच."

हल्ली रोज संध्याकाळी मगरिबच्या नमाजनंतर तिचा फोन येतो. इकडचं तिकडचं बोलून झालं की म्हणते, "कसे बोलायचे ते, परत सांग." मग मी जरा खाकरते, आणि तिला तो रस्ता पहिल्यापासून सांगते.