बेचाळीस नंबरची गाय

कुवेतला मी आलो वेल्डर म्हणून. वफ्र्याच्या बाजूला मांसासाठी गुरं पाळणाऱ्या एका फार्मवर कुंपणाचे पाइप जोडायचे होते. पाइप संपले, पण सिंधुदुर्गातल्या गोठ्यात वाढलेला माणूस गुरांपासून हलतोय कसला? तिथेच राहिलो. घरी अजून सांगतो, दुधाचा फार्म आहे. आई विचारते, दूध मिळतं ना रे भरपूर? मी हो म्हणतो.

गाभण गायींवर लक्ष ठेवायचं आणि वही लिहायची, हे माझं काम. कोण कधी व्याली, वासरू दणकट की मरतुकडं, आईने पाजलं की लाथाडलं. त्या वहीवरून फार्मचे गुरांचे डॉक्टर ठरवायचे, कुठली गाय पैदाशीला ठेवायची आणि कुठली कापायला पाठवायची. एक नियम फार कडक होता. व्यायला जी अडली ती बाद, आणि तिच्या पोटच्या कालवडीही बाद, कारण ती खोड रक्तातून उतरते.

डॉक्टर सांगलीकडचे, राहायला अहमदीला. फार्मवर बाकी सगळे हिंदी नाहीतर अरबी बोलणारे, म्हणून दुपारी डबा घेऊन माझ्या खोलीत यायचे. "माझी पोरं इंग्रजीत उत्तरं देतात रे. तुझ्याशी बोललं की तोंड मोकळं होतं," म्हणायचे आणि अर्धी भाकरी माझ्या ताटात टाकायचे. मला वाटायचं, परमुलखात आपलं माणूस भेटलं. मूर्ख मी, दुसरं काय.

बेचाळीस नंबरची गाय माझी लाडकी. गेल्या खेपेला ती भर दुपारी अडली. मी एकट्याने वासराच्या पायांना दोरी बांधली आणि ओढून काढलं. दोघंही जगली. वहीत लिहिलं, 'आपणहून व्याली'. खोटं लिहिलं, कबूल आहे.

पुढे एकदा जेवताना डॉक्टर म्हणाले, "बेचाळीस भारी आहे हां. तिच्या दोन्ही कालवडींना वळू दाखवू या म्हणतो. ती कधी अडलीबिडली नाही ना? सांग, आपल्यातच राहील."

तोंडात त्यांच्याच घरची भाकरी होती. सांगून टाकलं.

"बरं केलंस," ते म्हणाले आणि ठेच्याची डबी माझ्याकडे सरकवली.

चार दिवसांनी बाद गुरांची यादी आली, इंग्रजीत. बेचाळीस नंबर, आणि खाली तिच्या दोन्ही कालवडी.

मी त्यांना गाठलं. "साहेब, आपल्यातच राहील म्हणाला होतात."

"अरे, उद्या त्या कालवडीही अडल्या असत्या. आणि तुझं नाव मी मालकाला सांगितलं का? नाही ना?"

धंद्याच्या दृष्टीने ते बरोबर होते, हे मला तेव्हाही कळत होतं. पण मग वही समोर ठेवून विचारायचं होतं. ताटावर बसवून, मराठीत गोड बोलून कशाला? केसाने गळा कापला माझा.

ट्रकवर बेचाळीस काही चढेना. दोघं गडी काठ्या घेऊन पुढे झाले. मार खाईल म्हणून मीच वर जाऊन उभा राहिलो आणि रोजची हाक मारली, "ये गो बाय." आली. मागोमाग तिच्या दोन्ही पोरी आल्या. मी खाली उतरलो आणि फाळका लावला.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर डबा घेऊन दारात उभे. "काय रे, जेवलास का?"

"जी साब, खा लिया," मी म्हणालो. जेवलो नव्हतो. पण तेव्हापासून मी त्यांच्याशी हिंदीतच बोलतो.