खिडकीकडे पाठ

हार्ट्सच्या डोंगरात आम्ही चार दिवस एका लाकडी केबिनमध्ये राहिलो होतो. भोवतालचं जंगल किड्यानं खाल्लेलं. चालायला निघालं की नुसती करडी खोडं आणि वाळकी माती, अगदी वाळवंट. केबिन सांभाळणारा म्हातारा रोज सकाळी ब्रेड घेऊन यायचा, आमच्याबरोबर कॉफी प्यायचा, पण खुर्ची फिरवून, मोठ्या खिडकीकडे पाठ करून. मला वाटलं, उन्हाचा त्रास होत असेल. तिसऱ्या दिवशी मी शहाण्यासारखं म्हणालो, "व्ह्यू मात्र मस्त आहे हं, पार दरीपर्यंत दिसतं!"

"आल्झो," म्हणजे त्याच्या भाषेत 'तर मग', असं तो म्हणाला. कप खाली ठेवला. "चाळीस वर्षं या खिडकीतून व्ह्यू नव्हता. झाडं होती. मी लावलेली."

शेवटच्या सकाळी तो यायच्या आत मी त्याची खुर्ची फिरवून ठेवली. आणि माझीही.